गुरविणीच्या आठ ओळी

नऊ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी साडेसात. हजर: मी (ग्रामपंचायत सदस्य), सरपंच, माझे थोरले दीर, बी-बियाण्याचा दुकानदार, पंचायतीचा शिपाई, रोजाने बोलावलेल्या चार बाया, आणि जिची कपाशी उपटायची होती ती गुरवीण. गैरहजर: कृषी सहायक, तालुक्याला बैठक असल्याने. सोबत नेलेलं सामान: कपाशी उपटायचे चिमटे दोन, विळे तीन, डिझेल अर्धा लिटर, काडेपेटी.

याला आता आठ वर्षं झाली. नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीत जशी होती तशी उतरवली आहे. मी नाशिक शहरातली, लग्न होऊन नामपूरच्या पलीकडच्या या गावात आले आणि येताना याद्या करायची सवय घेऊन आले. घरात त्यावरून माझी थट्टा होते. सासरे म्हणायचे, ही वर गेली तर यमाकडूनही पोच घेईल. पण गावात कोणाचं लग्न असो, टँकर यायचा असो, लसीकरण असो, यादी करायला मलाच बोलावतात. पंचायतीत निवडून आले तीही त्याच जोरावर. त्यामुळे या प्रकरणात काय काय झालं ते मला नीट माहीत आहे, आणि त्यातलं बरंचसं माझ्याच अक्षरात आहे.

त्या वर्षांत बीटी कपाशीच्या पिशवीबरोबर एक लहान पुडी मिळायची. पिशवीत बीटीचं, म्हणजे खाणारी बोंडअळी मारणारं बी, पुडीत साधं. दुकानात सगळे त्या पुडीला ‘रेफ्युजी’ म्हणायचे. का म्हणायचे ते कोणी विचारलं नाही. पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं असे की हे बी शेताच्या चारी कडांना लावावं. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं होतं: सरकार सांगतं म्हणून कंपनी देते, कंपनी देते म्हणून मी देतो, तुम्ही काय करायचं ते तुम्ही बघा. लोकांनी बघितलं. काहींनी पुडी गल्ल्यावरच ठेवली, काहींनी बांधावर फेकली. माझ्या दिरांनी ती नांग्या भरायला वापरली, म्हणजे जिथे बी उगवलं नाही त्या रिकाम्या जागी टोचली, आणि गावात स्वतःला फार हुशार समजले. शेताच्या कडेला चांगल्या जमिनीत किडीला खायला घालणारी कपाशी कोण लावणार? आमच्याकडे बाजरी सोंगताना पाखरांसाठी चार कणसं उभी ठेवतात. पाखराला वाटा द्यायला कोणाचा हात आखडत नाही. अळीला वाटा द्यायचा म्हटल्यावर मात्र सगळ्यांना व्यवहार सुचला.

उपटणीच्या त्याच वर्षी, जूनच्या शेवटी कृषी सहायक एक तक्ता घेऊन आला. बरा मुलगा होता, अकरा गावं एकट्याच्या गळ्यात, मोटारसायकलवर तापून लाल झालेला. तक्त्यात शेतकऱ्याचं नाव, क्षेत्र, वाण आणि शेवटचा रकाना: आश्रय पीक लावले आहे का, म्हणजे त्या पुडीतलं बी कडेला पेरलं का. आमच्या ओट्यावर बसून आम्ही तो भरला. नावं मला तोंडपाठ होती. शेवटच्या रकान्यापाशी मी थांबले, तर तो म्हणाला, “होयच लिहा ताई. नाही लिहिलं तर मला प्रत्येक वावरात जाऊन कारण लिहावं लागंल.” चौऱ्याण्णव नावं होती. पहिल्या नऊ नावांपुढे मी ‘होय’ लिहिलं, दहाव्यापासून खाली ‘वरीलप्रमाणे’च्या दोन-दोन रेघा ओढत गेले. दोन चहांत काम झालं. चौऱ्याण्णवांतल्या एकानेही ते पीक लावलेलं नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

गावात ते पीक लावलं होतं एकाच बाईने, आणि तिचं नाव त्या यादीत नव्हतं. कारण तिने पिशवी विकत घेतलेलीच नव्हती.

ती देवळाची गुरवीण. तेव्हा साठीची असेल; नवरा गेलेला, मुलगा मनमाडला रेल्वेच्या कामावर. आमच्याकडे गुरवाने घरोघर वाती द्यायच्या आणि सुगीला घराघराने त्याला धान्य घालायचं, अशी जुनी रीत. चैत्रात गावातून वणीच्या गडावर पायी जातात त्यांच्या पिशव्यांतही हिच्याच वातींच्या जुड्या असायच्या. पण वातीला कापूस लागतो, आणि हिला जमीन नाही. पूर्वी ती वेचणीच्या दिवसांत वावरोवावर फिरून ओटीभर कापूस मागायची. लोक द्यायचे, पण कवडी द्यायचे. कवडी म्हणजे किडका, पिवळा, न उमललेला कापूस. त्याची वात नीट वळत नाही, जळताना तडतडते. मग ज्यांनी कवडी दिली तेच म्हणायचे की गुरविणीच्या वातीत दम नाही.

देवळामागे ओहोळाच्या काठाने तिच्या वहिवाटीची एक चिंचोळी पट्टी होती. दुकानदाराच्या पोत्यात टाकून दिलेल्या पुड्या तिने मागून घेतल्या आणि त्या पट्टीत आठ ओळी लावल्या. त्यानंतर दरवर्षी लावत राहिली. पाणी डोक्यावरून आणायची. फवारणी कधी केली नाही. देवाच्या वातीला औषधाचा वास नको, असं तिचं म्हणणं होतं. त्या आठ ओळींमुळे तिचं वावरोवावरचं मागणं सुटलं. दसऱ्याला जुडी द्यायला यायची तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी न राहता आत येऊन बसायची, एवढा फरक मी स्वतः पाहिला आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला गावभर बोंडअळीची चर्चा सुरू झाली. बीटी आल्यापासून हा शब्द आम्ही जवळजवळ विसरलो होतो. पहिली काही वर्षं खरोखर चांगली गेली होती. फवारे कमी झाले, बोंडं भरली, आणि ते मी नाकारणार नाही. आता मात्र फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली दिसू लागली. डोमकळी म्हणतात तिला. पाकळ्या आतून अळीने जाळं विणून बांधलेल्या असतात. तरी आमच्या शेतातली बोंडं वरून हिरवीगार, गुळगुळीत होती. गुरविणीच्या पट्टीत मात्र सगळं उघड्यावर. बोंडांना भोकं, खाली विष्ठा, पानांवर दुसऱ्याही अळ्या. देवळात येणारा प्रत्येक जण ते बघून जायचा.

पंचायतीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा दुकानदार बोलवल्याशिवायच येऊन बसला होता. तो म्हणाला, कंपनीचं बी एक नंबर आहे, पण गावात बिनबीटी कपाशी उभी असेल तर अळीला घर मिळतं, तिथून ती सगळीकडे जाते. हे ऐकायला इतकं सरळ होतं की सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. शेणाच्या खड्ड्यामुळे डास होतात तसंच हे, असं मी स्वतः बोलले. ग्रामसेवक रजेवर होता, म्हणून ठराव मी लिहिला: गावातील बोंडअळीचा उगम देवळामागील पट्टीतील बिगर-बीटी कपाशीत असल्याने ती तत्काळ उपटून जाळावी, व यापुढे त्या जागेत कपाशी लावू नये. सूचक मी. अनुमोदक माझे दीर, तेही सदस्य होते. एकमताने मंजूर.

कृषी सहायकाला फोन केला होता. तो जरा घुटमळला. म्हणाला, ताई, ते आश्रय पीक असतं, एकदम उपटू नका, मी येतो. मी विचारलं, आमच्या गावात ते चौऱ्याण्णव जणांनी लावलंय ना? त्यावर त्याने फोन ठेवला, आणि आलाही नाही.

म्हणून नऊ तारखेच्या सकाळी आम्ही पट्टीवर गेलो. गुरवीण आधीच येऊन बांधावर बसलेली होती. भांडायच्या तयारीने नव्हे, ओटी बांधून. उमललेला कापूस तेवढा वेचून घेऊ द्या, असं तिने मागितलं. सरपंच नाही म्हणणारे नव्हते, पण दिरांना घाई होती. ते म्हणाले, “मावशी, तुझ्या वातीतून अळी निघाली तर देव म्हणंल, गुरविणीनं मला मटण चारलं.” बाया हसल्या. दुकानदार हसला. मीही हसले असेन, कारण वहीत तसं काही लिहिलेलं नसलं तरी तो विनोद मला शब्दशः आठवतो.

तिने वेचायला सुरुवात केली. तिच्या मागून बाया विळ्याने फांद्या छाटत आणि चिमट्याने बुडखा उपटत येऊ लागल्या. नोव्हेंबरात कपाशीची मुळं खोल गेलेली असतात, जोर लागतो. ती पुढे आणि चिमटे मागे, अशी चौथ्या ओळीपर्यंत गेली. मग चिमटे तिच्याबरोबरीला आले तशी ती थांबली आणि माझ्याकडे वळली. दिरांकडे नाही, सरपंचांकडे नाही.

“बाई,” ती अहिराणीत म्हणाली, “अळी तुमना वावरमा बी शे. आठे दिखस, तठे दिखत नई, इतलंच. बोंड फोडीसन देखा.”

समोरच्या बांधापलीकडे आमचंच शेत होतं. वीस पावलं. कोणीही जाऊन एक बोंड फोडलं असतं तर दोन मिनिटांत खरंखोटं झालं असतं. दीर म्हणाले, बीटीचं हिरवं बोंड उगाच फोडायला काय डोकं फिरलंय. सरपंचांनी घड्याळ पाहिलं. मी म्हणाले, मावशी, ठराव झालाय. मला हे वाक्य बोलताना बरं वाटलं होतं, हे लिहायला हवं. वादावर कागद ठेवला की वाद संपतो, असा माझा तेव्हा विश्वास होता.

आठ ओळी दहाच्या आत उपटून झाल्या. ओल्या पऱ्हाट्या लवकर पेटेनात, म्हणून डिझेल दोनदा ओतावं लागलं. धूर देवळात गेला. गुरविणीच्या ओटीत चार ओळींचा कापूस होता. ती तो घेऊन घरी गेली.

संध्याकाळी मी आमच्या शेतात गेले. तिचं खोटं सिद्ध करायला गेले, की ते वाक्य टोचत होतं म्हणून, मला सांगता येणार नाही. काम मात्र नीट केलं. चार कोपरे आणि मध्य, प्रत्येक ठिकाणची चार बोंडं, एकूण वीस. बांधावर बसून दगडाने फोडली. वरून एकालाही भोक नव्हतं. आत चौदा बोंडांत गुलाबी अळी होती, काहींत दोन-दोन. सरकीत शिरून आरामात बसलेली. ज्या पिकाला खाल्लं की ती मरायची, तेच पीक खाऊन धष्टपुष्ट झालेली. मी आकडा वहीत लिहिला: वीसपैकी चौदा. घरी येऊन नवऱ्याला दाखवला. तो वही मिटत म्हणाला, “आता बोलून काय? उपटलेली परत लागते का?”

मी बोलले नाही. तो आकडा आठ वर्षं त्या पानावर आहे.

पुढे काय झालं ते जिल्ह्यातल्या कपाशीवाल्यांना नव्याने सांगायला नको. डिसेंबरच्या वेचणीत सगळ्यांच्याच हातात कवडी आली. लोकांनी फवारे सुरू केले; एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं औषध मिसळून. तरी शेवटी चार बोंडं निघतील या आशेने कपाशी फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली, फरदड म्हणून. आम्हीही ठेवली. म्हणजे अळीच्या राहण्याजेवणाची सोय आणखी दोन महिने केली. त्या वर्षी आमच्या कांद्याच्या डेंगळ्यांवर, म्हणजे बियाण्यासाठी ठेवलेल्या फुलगोंड्यांवर, मधमाश्या फार कमी आल्या आणि बी नीट भरलं नाही. त्याचा फवाऱ्यांशी संबंध होता हे मी सिद्ध करू शकत नाही. पण माश्या आल्या नाहीत, ही नोंद आहे.

गुरविणीकडे चैत्रापर्यंत कापूस पुरला नाही. गडावर जाणाऱ्यांनी नामपूरच्या बाजारातून वातींची पाकिटं घेतली. पाकीट मिळतं हे एकदा कळल्यावर सुगीचं धान्य घालताना हात आखडले. ती पुन्हा उंबऱ्याबाहेर उभी राहू लागली.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी महिला सदस्यांचं एक प्रशिक्षण नाशिकला होतं. तिथे निवृत्त झालेले एक कीटकशास्त्रज्ञ बोलायला आले. मी पहिल्या रांगेत वही उघडून बसले होते. त्यांनी ती लहान पुडी समजावून सांगितली, आणि इतकी सोपी सांगितली की मला राग आला. बीटी कपाशी खाऊन लाखात एखादी अळी वाचते. तिला जोडीदारही तसाच वाचलेला मिळाला, तर पुढची सगळी पिलं वाचणारी निघतात. म्हणून शेजारी साधी कपाशी लावायची. तिथे साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग या वाचलेल्यांशी जुगतात, आणि पिलं पुन्हा बीटीला बळी पडतात. म्हणजे गुरविणीच्या पट्टीतली ती भोकं पाडलेली बोंडं, ज्यांच्याकडे बोट दाखवून आम्ही ठराव केला, ती तशीच दिसायला हवी होती. तिथे अळी असणं हेच तिचं काम होतं.

दिंडोरीकडच्या एका बाईंनी त्यांना विचारलं की ही जनुक बदललेली पिकं पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत निसर्गाला सुरक्षित आहेत की नाहीत, एका शब्दात सांगा. ते म्हणाले, एका शब्दात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक पिकाचं वेगळं तपासावं लागतं. कपाशीपुरतं आम्ही सुरक्षित म्हणालो, तेव्हा एक अट घातली होती. मग त्यांनी सभागृहाला विचारलं, “इथे कोणाच्या गावात ती पुडी कोणी लावली होती?”

एकही हात वर आला नाही. माझा हात मांडीवरच्या वहीवर होता, आणि तो तिथेच राहिला.

त्या आठ ओळींनी आमचं गाव वाचलं असतं असं मी म्हणत नाही. शंभरेक एकरांच्या कपाशीला आठ ओळी म्हणजे चिमूटभर. पण जेवढा आश्रय होता तेवढा तोच होता, आणि तो आम्ही डिझेल ओतून जाळला. ज्यांनी पुडी फेकली त्यांचं नाव सरकारी कागदावर लावणारे म्हणून आहे, आणि जिने लावली तिचं नाव ठरावात अळीचा उगम म्हणून. तो तक्ता तालुक्याला गेला, तिथून वर गेला असेल. कुठेतरी कोणीतरी त्यावरून लिहिलंही असेल की नाशिक जिल्ह्याच्या अमुक भागात अटींचं पालन शंभर टक्के. लोक मला विचारतात की ही पिकं सुरक्षित आहेत का, तेव्हा मला त्या बियाण्याची भीती वाटत नाही. माझ्या दोन रेघांची वाटते. अट घालणाऱ्यालाही ठाऊक होतं की ती कोणी पाळणार नाही, विकणाऱ्याला ठाऊक होतं, आणि मोजणाऱ्याला तर सगळ्यांत जास्त. मोजणारी मीच होते.

आता ती वेगळी पुडीही येत नाही; साधं बी पिशवीतच मिसळून देतात, म्हणजे फेकायची सोयच नको. तणनाशक मारलं तरी न जळणारी कपाशी बिनछापाच्या पिशवीत गुपचूप मिळते. मंजुरी नाही, तपासणी नाही, पण पेरणीच्या महिन्यात कोणाच्या ना कोणाच्या गाडीच्या डिकीत असतेच. साधी, बिनबीटी कपाशी मात्र पैसे देऊन मिळत नाही. मी नामपूर, मालेगाव आणि नाशिकची दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, बाई, ते कोण विचारतं आता.

मी हे बी शोधत होते, कारण गुरविणीने मागितलं. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली. आता सत्तरीच्या जवळ, हात थरथरतात, तरी वात वळते. पट्टी अजून तिच्याकडेच आहे. तिथे ती वांगी लावते, कारण कपाशी लावायला ठरावाने बंदी आहे, आणि ती ठराव पाळते. बहुधा गावात पंचायतीचा ठराव पाळणारी ती एकटीच आहे. तिला पुन्हा आठ ओळी लावायच्या होत्या. मी म्हणाले, मावशी, लावा ना, आता कोण बघतंय. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, “चोरीसन कसाले लावू? ठराव तुम्हीच लिखेल शे. तुम्हीच खोडा.”

बी अखेर मिळालं. एका संशोधन केंद्रातून सरळ, बिनबीटी वाणाचं पाव किलो, मोठ्या मिनतवारीने. ते तिच्या घरी डब्यात ठेवलं आहे. दोन जून आले आणि गेले.

ठराव रद्द करायचा तर ग्रामसभेत उभं राहून कारण सांगावं लागेल. गावातला आश्रय तेवढाच होता हे कारण सांगायचं तर तो तक्ता खोटा होता हे सांगावं लागेल, चौऱ्याण्णव घरांसमोर, ज्यांनी पुढे त्याच नावांवर बोंडअळीच्या भरपाईचे पंचनामे करून घेतले. दीर म्हणतात, जुनं उकरू नको. सरपंच बदलले, नवे म्हणतात, मागच्या कमिटीचा विषय आहे. अर्ज मी लिहून ठेवला आहे. एकच पान आहे, मुद्दे चार, खाली जोडपत्र म्हणून वीस बोंडांची नोंद. ग्रामसभेआधी सात दिवस तो पंचायतीत द्यावा लागतो. येत्या ग्रामसभेसाठीची मुदत या सोमवारी संपते.

अर्ज अजून दिलेला नाही.